बारा लाखांची हेडलाइन आणि क्यूआर काढून टाकणारे दुकानदार

संपादक साहेब, नमस्कार.

२०२५ च्या बजेटपासून '१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही' ही ओळ सगळीकडे फिरतेय, तुमच्या पेपरातही मोठ्या अक्षरात आली होती. ती खोटी आहे असं माझं म्हणणं नाही, पण त्या एका ओळीने छोट्या धंदेवाल्यांच्या डोक्यात जो घोळ घातलाय तो निस्तरता निस्तरता आमच्यासारख्यांच्या नाकी नऊ आलेत. मी साताऱ्यात किराणा, स्टेशनरी, नाश्त्याच्या गाड्या अशा लोकांचे हिशोब लिहितो. रोज कोणीतरी येऊन विचारतं, "माझ्या खात्यावर वर्षात ३६ लाख आले, १२ लाखांच्या वर गेलो की, आता काय होणार?" अहो, ३६ लाख ही विक्री झाली, कमाई नाही! १२ लाखांची गोष्ट कमाईची आहे, आणि हा फरक कुठल्याच हेडलाइनमध्ये नसतो.

तेच किराणा दुकान घ्या. ३६ लाखांच्या विक्रीत २४ लाख यूपीआयने आणि १२ लाख रोख आले असं धरू. जुन्या आयकर कायद्याच्या कलम ४४एडी खाली (छोट्या धंद्याने सगळा हिशोब न दाखवता विक्रीच्या ठरावीक टक्के नफा धरायची सोय) ऑनलाइन आलेल्या रकमेवर कमीत कमी ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरायचा. म्हणजे १ लाख ४४ हजार आणि ९६ हजार, एकूण २ लाख ४० हजार. (खरा नफा यापेक्षा जास्त असेल तर तो जास्तच दाखवायचा, हे मी मुद्दाम सांगतो कारण लोक हे वाक्य सोयीने विसरतात.) दुसरी कमाई नसेल तर हा माणूस नव्या करपद्धतीच्या ४ लाखांच्या पहिल्या स्लॅबमध्येच बसतो, टॅक्स शून्य. आणि गंमत बघा, सगळी विक्री रोखीने केली असती तर याच धंद्यावर २ लाख ८८ हजार नफा धरावा लागला असता, म्हणजे क्यूआरने फायदाच झाला.

तरी लोक क्यूआर काढतायत. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाखांची नोटीस आल्याची बातमी तर व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतेय. ताज्या भाजीवर जीएसटीच नाही, आणि फक्त करमाफ माल विकणाऱ्याला नोंदणीही लागत नाही, पण बातमीचा हा अर्धा भाग फॉरवर्ड करताना गळून पडतो. बंगळुरात तेव्हा 'नो यूपीआय, ओन्ली कॅश'चे कागद लागले आणि तेच लोण इकडे आलं. आमच्या चौकातल्या वडापाववाल्याने गल्ल्यासमोरचा क्यूआर उपटला, त्या जागी आता नुसता गोंदाचा चौकोन राहिलाय, आणि सुट्ट्या पैशांवरून दिवसभर गिऱ्हाइकांशी वादावादी. पण जीएसटी नोंदणीची मर्यादा मोजताना रोख विक्रीसुद्धा धरतात, क्यूआर काढल्याने ती कमी होत नाही, फक्त लपते, आणि लपवलेली सापडली तर व्याज आणि दंड वेगळा.

वडापाववाल्याची भीती मात्र सगळीच खोटी नाही, हेही लिहायला पाहिजे. नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख विक्रीची मर्यादा आहे, पण गाडी, हॉटेल, नाश्ता सेंटर हे सेवेत धरतात, तिथे २० लाख. रोजचा गल्ला ६ हजार आणि वर्षाचे ३०० दिवस धंदा म्हटलं की १८ लाख होतात, गल्ला ७ हजारांवर गेला की २१ लाख. मग ३० दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा, आणि कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठी विक्रीवर ठरावीक टक्के जीएसटी भरायची सोपी योजना) घेतली तर विक्रीवर ५ टक्के स्वतःच्या खिशातून भरायचे कारण गिऱ्हाइकाकडून ते वेगळे घेता येत नाहीत. ही २० लाखांची मर्यादा २०१७ पासून तिथेच आहे. तेल, गॅस, बटाटा, पाव सगळं वाढलं म्हणून वडापावचा भाव वाढला, त्यामुळे विक्रीचा आकडा फुगला, माणूस काही श्रीमंत झाला नाही. ही मर्यादा वाढवा म्हणून खरं तर तुमच्यासारख्या पेपरांनी अग्रलेख लिहायला हवा, पण तिकडे कोणाचं लक्षच नाही.

आणखी एक घोळ म्हणजे, १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणून रिटर्नपण नाही असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलंय. नव्या पद्धतीत कमाई ४ लाखांच्या वर गेली की रिटर्न भरायचंच, टॅक्स आधी लागतो आणि मग सूट (जुन्या कायद्यात कलम ८७ए) मिळून तो शून्य होतो. शेअर विकून झालेल्या भांडवली नफ्याला तर ती सूटही नाही, पोरं मोबाईलवरून शेअर घेतात-विकतात त्यांच्या बापांना हे माहीतच नसतं. १२ लाख ७५ हजारांचा आकडा नोकरदार आणि पेन्शनवाल्यांचा, दुकानदाराला ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही. आणि कमाई ४ लाखांच्या आत असली तरी मी रिटर्न भरायलाच सांगतो, कारण दुकान वाढवायला कर्ज मागायला गेलं की बँकवाले पहिल्यांदा मागच्या वर्षांची रिटर्नं मागतात, तिथे गल्ला दाखवून भागत नाही.

धंद्याचं खातं वेगळं ठेवा एवढं तरी छापा. भावाने पाठवलेले, भिशीचे, पोरीच्या फीचे पैसे आणि गल्ल्याचे पैसे एकाच क्यूआरवर आले की उद्या नोटीस आल्यावर कुठले कशाचे हे सांगता सांगता घाम फुटतो.

तुमच्याकडे शेअर बाजाराला रोज अर्धं पान असतं. त्यातला बाजारभावाशेजारचा एक कॉलम आठवड्यातून एकदा याला द्या. '४४एडी म्हणजे काय', 'कंपोझिशन कोणाला परवडते', '१५ मार्चच्या आत अ‍ॅडव्हान्स टॅक्स कोणी भरायचा', अशी एका वेळी एकच गोष्ट, आकड्यांचं उदाहरण घेऊन, आणि भाषा आमच्या गिऱ्हाइकांना कळेल अशी. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत, म्हणजे रील बनवणाऱ्यांची पुन्हा चांदी, तेव्हा सुरुवात लवकर केलेली बरी.

– एक हिशोबनीस वाचक, सातारा