ऑक्सिजन मोजणारे नवे यंत्र आधी सावळ्या त्वचेवर तपासा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रक्तातील ऑक्सिजन प्रकाश आणि ध्वनी यांच्या साहाय्याने मोजणाऱ्या फोटोअकॉस्टिक तंत्राविषयी अलीकडे वाचायला मिळते, आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरच्या साऱ्या उणिवा आता दूर होतील, असा त्या लेखनाचा सूर असतो. शस्त्रक्रियागृहात आणि अतिदक्षता विभागात उमेदीची वर्षे घालवलेला भूलतज्ज्ञ म्हणून मला या तंत्राचे मनापासून कौतुक आहे. मात्र ते आपल्या रुग्णालयांत येण्यापूर्वी सावळ्या आणि काळ्या त्वचेवर त्याची कसून चाचणी झाली पाहिजे, हा आग्रह धरण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास ज्या तत्त्वावर पल्स ऑक्सिमीटर उभा केला, त्याच तत्त्वावर तो आजही चालतो. लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश बोटातून सोडायचा आणि नाडीच्या ठोक्यागणिक तो किती शोषला जातो, यावरून धमनीतील रक्ताचे सॅच्युरेशन, म्हणजे त्यातले किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेले आहे, ते काढायचे. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत हेच यंत्र घेऊन आशा सेविका दारोदारी फिरल्या. या यंत्राचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. पण रुग्णाचा रक्तदाब उतरला, हातपाय गार पडले, की पडद्यावरची लाट सपाट होते आणि आकडा भरवशाचा राहत नाही. मग प्रोब, म्हणजे यंत्राचा चिमटा, कानाच्या पाळीवर न्यायचा, बोटांवर गडद मेंदी असेल तर दुसरी जागा शोधायची, आणि तरीही शंका राहिली तर मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी, म्हणजे त्या रक्तातील वायूंची तपासणी, करायची, हे आमच्या रोजच्या कामातले आहे.

याहून गंभीर दोष त्वचेच्या रंगाचा आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दाखवून दिले की, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतले खरे सॅच्युरेशन ८८ टक्क्यांच्या खाली असण्याचे प्रमाण त्यांच्या गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते. म्हणजे ज्याला ऑक्सिजनची गरज आहे, त्यालाच यंत्र ‘ठीक आहे’ असे सांगत होते.

फोटोअकॉस्टिक तंत्राची रीत वेगळी आहे. लेझरचा काही नॅनोसेकंदांचा झोत शरीरात सोडला की रक्तातील हिमोग्लोबिन तो शोषून किंचित तापते, क्षणभर प्रसरण पावते आणि त्यातून श्राव्यातीत ध्वनिलहर उठते. ती लहर सोनोग्राफीच्या प्रोबसारख्या प्रोबने टिपली जाते. प्रकाश मांसात शिरताच विखुरतो, ध्वनी मात्र त्या मानाने फारच कमी विखुरतो, म्हणून काही सेंटिमीटर खोलवरच्या रक्तवाहिनीचेही चित्र मिळते. ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश कमीअधिक शोषतात, तेव्हा दोन-तीन तरंगलांबींवर मोजले की त्या वाहिनीतले सॅच्युरेशन काढता येते. मानेच्या शिरेतील रक्ताचे सॅच्युरेशन सुई न टोचता कळू शकेल, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. शरीर मिळालेल्या ऑक्सिजनपैकी किती वापरते, हे शिरेतल्या रक्तावरूनच समजते, आणि आज त्यासाठी मोठ्या शिरेत नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, टाकावी लागते. शिवाय ८०० नॅनोमीटरच्या आसपास दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन सारखाच प्रकाश शोषत असल्याने एकूण हिमोग्लोबिनचाही अंदाज बांधता येतो. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत, आणि हिमोग्लोबिन सहावर आलेल्या बाईचे सॅच्युरेशनही ऑक्सिमीटर खुशाल ९८ दाखवतो, हे लक्षात घेतले म्हणजे या सोयीचे महत्त्व कळेल.

परंतु हा प्रकाशही त्वचेतूनच आत जातो. वाटेत त्वचेला रंग देणारे मेलॅनिन त्याचा मोठा भाग शोषून घेते आणि पृष्ठभागावरच इतका जोरदार आवाज उठवते की खोलवरचा क्षीण संकेत त्यात बुडू शकतो. त्यातही ७५० नॅनोमीटरचा प्रकाश मेलॅनिन ८५० च्या प्रकाशापेक्षा अधिक अडवते. ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन प्रामुख्याने ७५० च्या आसपास ओळखले जाते, त्यामुळे योग्य दुरुस्ती केली नाही, तर काळ्या त्वचेखालचे सॅच्युरेशन आहे त्याहून जास्त भासते. जुन्या यंत्राची चूक ज्या दिशेने होते, त्याच दिशेने ही चूकही होते, आणि रुग्णाच्या दृष्टीने तीच अधिक घातक आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेनुसार ऑक्सिमीटरच्या चाचणीला किमान दहा निरोगी व्यक्ती आणि त्यांत दोन गडद वर्णाच्या असल्या तरी पुरत असे. जानेवारी २०२५ च्या मसुद्यात ही संख्या दीडशेवर नेऊन सर्व वर्णछटांचा समावेश सुचवला आहे. आपल्याकडे कोकणस्थापासून गडचिरोलीतल्या माडियापर्यंत किती छटा आहेत, हे वेगळे सांगायला नको. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ अन्वये परवानगी देताना केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने फोटोअकॉस्टिक यंत्रांसाठी भारतीय वर्णछटांवरील, एबीजीशी ताडून पाहिलेली आकडेवारी बंधनकारक करावी आणि ती वर्णछटेनुसार स्वतंत्रपणे प्रसिद्ध करावी. राज्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अतिदक्षता विभागातील रुग्णांची एबीजी रोजच होते. रुग्णाच्या वा नातेवाइकांच्या संमतीने त्याच वेळी नव्या यंत्राचे मापन नोंदवले, तर या कामासाठी कोणालाही वेगळी सुई टोचावी लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ, सांगली