स्थगिती कोणाला लागू, ते आधी पाहा

महोदय,

अमेरिकेतील राज्ये केंद्र सरकारविरुद्ध कोर्टात गेली की आपल्याकडची बातमी 'स्थगिती मिळाली' इथेच संपते. पण धोरण चुकीचे आहे एवढे सांगून दावा टिकत नाही, राज्याला नेमकी कुठे झळ बसते ते दाखवावे लागते. २०२३ मध्ये विद्यार्थी-कर्जमाफीविरुद्धचा दावा टिकला, कारण मिसुरीच्या सरकारी कर्जसंस्थेचे वर्षाला सुमारे ४.४ कोटी डॉलरचे शुल्क बुडणार होते. आठवडाभर आधीच टेक्सासचा स्थलांतरितांच्या अटकेबाबतचा दावा सर्वोच्च न्यायालयात ८-१ ने फेटाळला गेला होता.

जून २०२५ पासून अडचण वाढली. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार मनाई-आदेश दावेदाराला पुरेसा दिलासा मिळेल इतकाच हवा. मग जन्मसिद्ध नागरिकत्वाच्या प्रकरणात, म्हणजे बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या आईवडिलांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व नाकारणाऱ्या ट्रम्प यांच्या आदेशाविरुद्धच्या दाव्यात, राज्यांनी मांडले: बाळ दावा न केलेल्या राज्यात जन्मले आणि पुढच्याच महिन्यात न्यू जर्सीत राहायला आले, तर तिथल्या कारकुनाने त्याला वैद्यकीय योजनेत नागरिक म्हणून नोंदवायचे की नाही? हा मुद्दा मॅसॅच्युसेट्सच्या न्यायाधीशांना पटला आणि देशव्यापी मनाई कायम राहिली. एच-१बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावरच्या मराठी आईवडिलांनी म्हणूनच मथळ्यावर विसंबू नये. मनाई-आदेश कोणाला लागू आहे, तो परिच्छेद आधी वाचावा.