वकीलसाहेब आमदार झाले, आमच्या फायलीचं काय?

महोदय,

वकील-आमदारांच्या वाटचालीवरचा कालचा लेख वाचला. काळ्या कोटापासून पांढऱ्या कुडत्यापर्यंतचा प्रवास लेखकाने फार प्रेमाने रंगवला आहे. वाटेत मागे राहिलेल्या सामानाचा मात्र उल्लेख नाही. ते सामान म्हणजे आम्ही पक्षकार.

आमच्या वाटपाच्या दाव्यात साक्षीपुरावा सुरू व्हायचा होता, तेवढ्यात वकीलसाहेबांना तिकीट मिळालं. एक तारीख प्रचारात गेली, एक सत्कारात, पुढच्या सगळ्या अधिवेशनात. ज्युनिअर उठायचा, ‘साहेब मुंबईत आहेत’ म्हणायचा, की झालं. नवा वकील करायला गेलो, तर तो म्हणाला, आधी वकीलपत्रावर जुन्यांची ना हरकत आणा. त्या एका सहीसाठी मी साहेबांच्या जनता दरबारात रांग लावली. पुढे रस्त्याची तक्रार, मागे बदलीचा अर्ज, मध्ये मी. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, घरच्यांची चौकशी केली, फोटोही निघाला. सही नाही निघाली. बाहेर आल्यावर त्यांच्या माणसाने सांगितलं, ‘बाकी फी भरा, कागद घेऊन जा.’ फीपोटी पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच म्हटलंय, हे मला फी भरल्यावर कळलं. शेवटी कोर्टात अर्ज देऊन वकील बदलला.

आमदार-खासदारांनी वकिली करायला हरकत नाही, ते कुणाचे पूर्णवेळ पगारी नोकर नव्हेत, हा २०१८ चा निकाल मला माहीत आहे. पूर्णवेळ नाहीत हे मतदारांनाही मान्य असेल. पण मग पूर्णवेळ वकील तरी कुठे आहेत?

जाता जाता. ‘वकिली सोडून देशकार्यात आलेल्यां’च्या यादीत आपण टिळकांना बसवलंत. टिळकांनी १८७९ मध्ये एलएल.बी. केली, पण वकिलीवर पोट भरलं नाही. १९०८ च्या खटल्यात युक्तिवाद केला तो स्वतःसाठी, आणि तेच मंडालेला गेले. चालती वकिली सोडली ती चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंनी, असहकाराच्या काळात. एवढं तरी तपासून छापत जा.

आणि हो, तो जनता दरबारातला फोटो साहेबांच्या कार्य अहवालात छापून आलाय. पान ७.

आपला,
एक जुना वाचक (वादी क्र. २)