‘व्हेस्पर्स’ आणि गायकांची संख्या

महोदय,

इटालियन संगीतकार क्लाउदिओ मोंतेवेर्दी यांच्या १६१० सालच्या ‘व्हेस्पर्स’ या ख्रिस्ती सायंप्रार्थनेच्या संगीतरचनेविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. मात्र ही रचना पेलायला शंभरेक गायकांचा वृंद हवाच, हे त्यातील विधान पटले नाही.

व्हेनिसमध्ये छापलेली आणि पोप पाचवे पॉल यांना अर्पण केलेली ही रचना स्वतंत्र पुस्तिकांच्या रूपात निघाली: सात पुस्तिका गायक-वादकांच्या आणि आठवी ऑर्गनवादकाच्या आधारस्वरांची. संगीत अनेक पदरी आहे, म्हणजे त्यात अनेक स्वतंत्र स्वरओळी एकाच वेळी चालतात, हे त्यावरून कळते. एका पदरासाठी किती गळे असावेत, हे त्यावरून ठरत नाही. ‘निसि दोमिनुस’ या स्तोत्रात पाच-पाच पदरांचे दोन वृंद समोरासमोर उभे ठाकतात आणि दोन्हींतले टेनर (उंच पुरुषी आवाजाचे गायक) स्तोत्राची मूळ चाल लांबलचक स्वरांत धरून ठेवतात. भोवतीच्या आवाजांची संख्या भरमसाट वाढवली, तर नेमकी हीच चाल बुडते, आणि मग राहतो तो नुसता गलबला. आरंभीच्या चरणाची गोष्ट वेगळी. तिथे सहा पदरी वृंद एकाच स्वरसंघातावर (एकत्र लागणाऱ्या स्वरांवर) शब्द उच्चारत असतो आणि वाद्ये ‘ऑर्फेओ’ (१६०७) या संगीतनाटकातील तोक्काता (सुरुवातीचा वाद्यसंगीताचा तुकडा) वाजवत असतात. तिथे मोठ्या वृंदाने काही बिघडत नाही, उलट बहारच येते.

खरी कसोटी ‘दुओ सेराफिम’मध्ये लागते. दोन देवदूत एकमेकांना साद घालतात म्हणून दोन टेनर गातात. ‘स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत’ या ओळीला तिसरा येऊन मिळतो आणि ‘हे तिघे एकच’ म्हणताना तिघांचे आवाज एकाच स्वरावर येतात. त्याआधी एकाच स्वरावर वेगाने गळा हलवण्याच्या ज्या जागा आहेत, त्या तिघांनाही सारख्याच सफाईने घेता आल्या पाहिजेत. गायक निवडताना माझ्या मते हीच जागा सर्वांत आधी गाऊन घ्यावी.

दुसरा मुद्दा पट्टीचा, ज्याचा लेखात उल्लेखही नव्हता. ‘लाउदा जेरुसालेम’ आणि ‘मान्यिफिकात’ हे भाग उंच क्लेफमध्ये (स्वरलिपीच्या ओळींवर कोणते स्वर येतात हे ठरवणाऱ्या चिन्हांत) छापलेले आहेत. तत्कालीन प्रथेनुसार असे भाग चार स्वरांच्या अंतराने खाली उतरवून गायले जात, असे ब्रिटिश वृंदसंचालक अँड्र्यू पॅरट यांनी १९८४ मध्ये सविस्तर मांडले. ते सर्वांना मान्य नाही, कारण छापील पट्टीतला झळाळ कित्येकांच्या कानांत बसला आहे. पण ‘मान्यिफिकात’च्या ‘देपोझुइत’ या चरणातील कॉर्नेटो (कातडे चढवलेले, बोटांसाठी भोके असलेले लाकडी सुषिर वाद्य) त्या पट्टीत इतक्या वर चढतात की वादकाची अक्षरशः दमछाक होते. उतरवल्यावर तोच भाग ऐसपैस वाटतो, आणि सोप्रानोंनाही (सर्वांत उंच आवाजाच्या गायकांनाही) किंचाळावे लागत नाही.

साधने तुटपुंजी असलेल्या वृंदांनी तर लेख वाचून अजिबात बिचकू नये. ‘दिक्सित दोमिनुस’मधील वाद्यांचे तुकडे वाजवावेत किंवा गाळावेत, अशी मुभा मूळ प्रतीतच दिलेली आहे, आणि केवळ ऑर्गनच्या साथीने गायचे सहा पदरी दुसरे ‘मान्यिफिकात’ही त्याच प्रतीत छापलेले आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक