मृगाच्या आधी दप्तर वाचवायचं आहे : मजूर सोसायटीच्या कागदांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या गावच्या मजूर सहकारी सोसायटीचं कामकाज थांबून बरीच वर्षं झाली. बाजारतळामागची तिची पत्र्याची खोली आणि दाराचं गंजलेलं कुलूप आपण येता-जाता पाहतोच. गेल्या पावसाळ्यानंतर उरलेल्या सभासदांनी किल्ली वाचनालयाच्या हवाली केली. आत १७ लोखंडी पेट्या निघाल्या. दोन पेट्यांतल्या कागदांचा पाण्यानं पार लगदा झाला होता. बाकीच्या पंधरा पेट्यांत औसा तालुक्यात कुणी काय बांधलं, कसं बांधलं आणि त्याचे किती पैसे मिळाले, याचा हिशोब आहे. तो हातचा जाऊ नये म्हणून ही विनंती.

सगळ्यांत जुना कागद उर्दूत आहे. सोसायटीचे पहिले चेअरमन निजामाच्या अमदानीत रस्त्याच्या कामावर मुकादम होते, त्या वेळचा तो करारनामा. १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शननंतरचे कागद मराठीत आहेत. पुढे १९६० चा सहकार कायदा आल्यावर गावातले गवंडी, वडार आणि बिगारी एकत्र आले. ठेकेदाराकडून उचल घ्यायची, वर्षभर राबायचं आणि हिशोब मात्र त्याच्याच वहीत राहायचा. त्यातून सुटायला त्यांनी स्वतःची सोसायटी नोंदवली. जुन्या लेटरहेडवर 'जिल्हा उस्मानाबाद' छापलेलं आहे. लातूर जिल्हा व्हायला अजून १९८२ उजाडायचं होतं.

१९७२ च्या दुष्काळातली हजेरी वही आम्ही हातात घेतली आणि पुढचा तासभर कुणी काही बोललं नाही. पाझर तलावाच्या सांडव्याचं दगडकाम सोसायटीच्या गवंड्यांकडे होतं. खडी फोडायला आणि माती टाकायला अख्खी गावं आली होती. मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (दुष्काळात वाटलेली पौष्टिक भुकटी) यांवर दिवस काढलेली ती माणसं. पानावर जांभळ्या शाईचे अंगठे एकाखाली एक. एका बाईच्या नावापुढे 'बाळंत' असं लिहून महिनाभर रेघ ओढली आहे. रेघ संपते तिथं तिचा अंगठा पुन्हा सुरू होतो. ती बाई कुणाची आजी, कुणाची पणजी, हे गावात कुणाला तरी माहीत असेल. वहीत फक्त नाव आहे.

त्यानंतर येतो १९९३ चा भूकंप. ३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक नुकतेच निजले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं घरांखाली गेली. आमच्याकडची घरं कशी होती, हे जुन्या लोकांना सांगायला नको. चिखलात रचलेली दोन-अडीच फुटी दगडी भिंत. आतून-बाहेरून दर्शनी दगड, मध्ये नुसती भर, दोन्ही बाजू बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद, म्हणजे लाकडावर तोललेलं मातीचं सपाट छप्पर, आणि गळू नये म्हणून वर्षावर्षाला त्यावर पांढरी माती. भिंती फुटल्या आणि ते सगळं ओझं खाली आलं. जिथं माळवद सागाच्या खांबांवर तोललेलं होतं, तिथं भिंती पडूनही कितीतरी खण, म्हणजे खांबांमधले घराचे भाग, उभे राहिले.

सोसायटीचे एक मिस्त्री आज नव्वदीच्या घरात आहेत. वही पाहता पाहता ते म्हणाले, "लेकरा, पडल्या त्या भिंतीही आमच्याच हातच्या होत्या. म्हणून मग पुन्हा शिकलो." पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसली, जमिनीच्या धारणेप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. ती कामं मोठ्या कंपन्यांनी आणि दात्यांनी केली. पण ज्या गावांत भूकंपातही घरं न पडता उभी राहिली होती, तिथं दुरुस्तीची वेळ आली तेव्हा आपले गवंडी पुढे झाले. मिस्त्रींची शंभर पानी वही पेटीत सापडली. माळवदावरची माती किती काढायची, आरपार दगड किती अंतरावर घालायचा, लिंटेलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांच्या माथ्याच्या, पातळीला काँक्रीटचा पट्टा घरभर कसा फिरवायचा, कोपऱ्यात सळई कशी वाकवायची, हे सगळं पेन्सिलीनं काढलेलं आहे. ती पेन्सिल आता पुसट होत चालली आहे. आम्हाला सर्वांत जास्त घाई त्या वहीची आहे.

खर्चाचं सांगतो. खोलीचे पत्रे आणि वासे बदलायला ६५ हजार, पोलादी कपाटांना ४० हजार आणि कागद साफ करून स्कॅन करायला ७५ हजार, असे एकूण १ लाख ८० हजार रुपये लागतील. वाचनालयाच्या सभासदांनी ४८ हजार जमवले आहेत. बाकीचे १ लाख ३२ हजार आपल्याकडून हवेत. शंभर रुपये दिले तरी पावती मिळेल आणि हिशोब दर महिन्याला वाचनालयाच्या फळ्यावर लागेल. गावातल्या चार गवंड्यांनी पत्र्याच्या कामाची मजुरी घेणार नाही, असं आधीच सांगून टाकलं आहे.

पैशांइतकीच दुसरीही मदत हवी आहे. जुनी हाताची उर्दू वाचणारं कुणी असेल तर आठवड्यातून एक दिवस द्यावा. घरात साइटवरचे फोटो, पगाराच्या चिठ्ठ्या, आजोबांचा ओळंबा, थापी, सुतकी पडून असेल तर दाखवायला आणा. वस्तू ठेवून घेणार नाही, फोटो काढून, नाव लिहून परत देऊ. पुण्या-मुंबईला गेलेल्या मंडळींनी गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना फोन लावून विचारावं, सोसायटीत होतात का म्हणून. होते म्हणाले तर आम्हाला कळवा, आम्ही त्यांच्या घरी जाऊन बसू.

वाचनालय रोज सकाळी ८ ते ११ उघडं असतं. पेट्या सध्या वाचनसभागृहात फळ्यांवर मांडल्या आहेत, येऊन बघा. पत्र्याचं काम मृगाच्या आधी उरकायचं आहे.

आपली,
वाचनालय समिती