सुरेश कुमार साहेब, त्या पंधरा आकड्यांच्या पावतीबद्दल थँक्यू

मा. एस. सुरेश कुमार साहेब,
आमदार, राजाजीनगर, बेंगळूर

साहेब नमस्कार. बेळगाव तालुक्यातनं लिहितोय.

आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर गैरसमज नको, आमचं घर महाराष्ट्र एकीकरण समितीचं, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणारं. आजोबांपासून एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापना दिवशी, काळा दिन पाळणारं. तुमच्या भाजपला आमच्या घरातलं एक मत पडलेलं नाही आणि पुढं पडेल असंही काय दिसत नाही. तरी तुमचे आभार मानायचं बरीच वर्षं डोक्यात होतं, कारण तुम्ही कायदामंत्री असताना जो सकाल कायदा (कचेरीनं काम ठरल्या तारखेच्या आत करून द्यायचं, असा) मार्गी लावला त्याचा खरा उपयोग आमच्यासारख्यांना झालाय, ज्यांची कचेरीत ओळख नाही, वशिला नाही आणि कन्नड पण गाडी ढकलण्यापुरतंच.

ते २०११ साल आठवतंय का बघा. दिल्लीत अण्णांचं उपोषण, इकडं लोकायुक्त संतोष हेगडेंचा बेल्लारीच्या बेकायदा खाणींचा रिपोर्ट, जुलै संपता संपता मुख्यमंत्री येडियुरप्पांचा राजीनामा. डोंगरच्या डोंगर पोखरून नेले आणि सरकारात कुणाला दिसलं नाही म्हणे. त्याच वर्षी तुमच्याच पक्षाच्या सरकारनं कर्नाटक नागरिक सेवा हमी कायदा, म्हणजे हाच सकाल, केला आणि २ एप्रिल २०१२ पासून तेव्हाचे मुख्यमंत्री सदानंद गौडांच्या हातून राज्यभर चालू पण झाला. सुरुवातीला ११ खात्यांच्या १५१ सेवा. खाणींच्या बातमीपुढं ह्याची बातमी कोण वाचतंय. आमच्या गल्लीत तर कुणाला पत्ताच नव्हता.

आम्हाला कळलं ते भाऊ गेल्यावर. वहिनीचं विधवा वेतनाचं काम होतं. वहिनी पदरात दोन पोरं घेऊन नाडकचेरीला (दाखले, पेन्शनचे अर्ज घेणारी महसूल कचेरी) जायची, अर्ज टेबलावर ठेवला की क्लार्क त्यावर पेपरवेट ठेवायचा आणि म्हणायचा नाळे बन्नी, म्हणजे उद्या या. उद्या गेलं की सर्व्हर डाऊन, परवा गेलं की सर्कल साहेब फिल्डवर, त्याच्यानंतर गेलं की अर्जच सापडत नाही, नवीन लिहून आणा. नवीन म्हणजे कन्नडमध्ये, म्हणजे बाहेर झाडाखाली बसलेल्या रायटरला परत पैसे. वहिनी कुणाला उलटून बोलणारी नव्हे, घरी येऊन गप भाकऱ्या थापायला बसायची. आमच्या गल्लीत एक रिटायर पोस्टमन काका आहेत, त्यांनी एकदा हे ऐकलं आणि म्हणाले, अगं पोरी भांडू नको, काय नको, नुसतं सकालची पावती द्या म्हण आणि तिथंच उभी रहा.

मी बरोबर गेलो होतो त्या दिवशी. वहिनीनं पावती मागितली आणि क्लार्कचा सूर असा बदलला की विचारू नका. पावती कशाला बाई, करून देतो की काम, एवढा पण विश्वास नाही काय, असं सगळं मराठीत सुरू झालं बघा, तोपर्यंत त्याला मराठी येत नव्हतं! वहिनी काय हलली नाही. शेवटी प्रिंटर कुरकुरला आणि कागदाची चिठ्ठी बाहेर आली. वर वहिनीचं नाव (स्पेलिंग चुकलेलं, ते असू दे), खाली पंधरा आकडी नंबर, आणि त्याच्या खाली काम कुठल्या तारखेच्या आत व्हायलाच पाहिजे ती तारीख. बाकी सगळं कन्नड होतं, पण आकडे वाचायला कुणाला विचारायला लागलं नाही. वहिनीनं ती चिठ्ठी घडी करून रेशन कार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवली. मोबाईलवर मेसेज आला तो शेजारच्या कॉलेजच्या पोरीनं वाचून दाखवला. आणि साहेब, त्या तारखेच्या आत ऑर्डर हातात आली, एकाला पण चहा पाजायला लागला नाही.

उशीर झाला तर अर्जदाराला दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५००, ते पण त्या अधिकाऱ्याच्या पगारातनं. लोकं हसतात, म्हणतात २० रुपयात काय येतंय. आमच्या माहितीत कुणाला ते मिळालेले पण नाहीत. पण मला विचाराल तर ते २० रुपये घेण्यासाठी नाहीतच, कुणाच्या टेबलावर फाईल किती दिवस पडली हे वर बंगळूरला दिसतंय आणि त्याच्यासमोर एका माणसाचं नाव आहे, ह्याचीच कचेरीला धास्ती. आधी दोष कुणाचा तर सिस्टीमचा, आणि सिस्टीमला कुठनं पकडणार.

अजून एक गंमत सांगतो, समितीच्या माणसानं हे बोलू नये खरं तर. आम्ही ज्या महाराष्ट्रात जायचं म्हणून २००४ पासून सुप्रीम कोर्टाच्या तारखा मोजायलोय तिथं लोकसेवा हक्क कायदा आला २०१५ ला. म्हणजे ह्या बाबतीत तुम्ही तीन वर्षं पुढं. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मेव्हण्याला मी हे ऐकवतो तेव्हा तो विषय बदलतो.

आता थँक्यू म्हटलं तर खरं पण सांगायला पाहिजे. कचेरीवाले पण हुशार झालेत. अर्ज घेतात पण कॉम्प्युटरला चढवत नाहीत, कागद पूर्ण करा मग नंबर देतो म्हणतात, म्हणजे घड्याळ चालूच होत नाही. नाहीतर मुदत संपायच्या आदल्या दिवशी कायतरी खुसपट काढून रिजेक्ट, म्हणजे त्यांच्या रेकॉर्डला काम वेळेत. वर अपील करता येतं हे किती लोकांना माहीत आहे? तुमच्या त्या पहिल्या काळात शालिनी रजनीश मॅडम सकाल मिशनच्या डायरेक्टर होत्या तेव्हा कचेरीत बोर्ड तरी ठळक दिसायचे, आता आमच्याकडं तो बोर्ड कपाटाच्या मागं गेलाय.

आणि दवाखान्याचं काय ओ? आरोग्य कर्नाटक योजना २०१८ ला आली, बीपीएल घराला वर्षाला ५ लाखापर्यंत उपचार, एपीएलला ३० टक्के, कागदावर झकास. पण माझ्या चुलत्यांच्या वेळी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी मिळायला जी पायपीट झाली त्यात ती जुनीच नाळे बन्नी. २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना देतो म्हटलं आणि तेव्हाचे आपले मुख्यमंत्री बोम्मई साहेबांनी हरकत घेतली, दोन्हीकडच्या टीव्हीवर भांडणं. चुलत्यांचं म्हणणं एवढंच, कार्ड कुणाचं पण चालेल, ऑपरेशन कधी ते सांगा. म्हणून मागणी अशी की रेफरल चिठ्ठीला पण असाच नंबर आणि अशीच तारीख असू दे.

दुसरी मागणी बळ्ळारी नाल्याची. शहराचा सगळा घाण पाणी घेऊन तो आमच्या भाताच्या शिवारातनं जातो, पावसाळ्यात फुगला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडची बासमतीची शेतं पाण्याखाली. निवेदनं देऊन देऊन कागद संपले. निवेदनावर शिक्का मारून देतात, तारीख देत नाहीत. दाखल्याला जर मुदत असते तर नाल्याच्या तक्रारीला का नसावी? कुठल्या साहेबानं, किती दिवसात, काय करायचं, एवढं पावतीवर छापून द्या, बाकीचं आम्ही मागं लागून करून घेतो, आता सवय झालीय.

डिसेंबरात अधिवेशनाला बेळगावच्या सुवर्ण विधानसौधला याल तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणं त्या अधिवेशनाच्या विरोधातल्या समितीच्या महामेळाव्याला असू, पोलिसांनी सोडलं तर. त्या गडबडीत भेट होणं कठीण, म्हणून हे पत्र. भाची कन्नडमध्ये करून तुमच्या पत्त्यावर पाठवणार आहे, चुका असल्या तर तिच्या. तो नाला हलग्याच्या अंगालाच आहे, सभागृहातनं वेळ मिळाला तर गाडी दहा मिनिटं तिकडं वळवा. आणि ह्या दोन मागण्यांसाठी सभागृहात बिल आणायचं ठरलं तर मुदत तीस दिवसाच्या वर ठेवू नका.

वहिनीनं पण नमस्कार सांगितलाय.

आपला,
बेळगाव तालुक्यातला एक भातकरी