सरांच्या चित्रावर दुसऱ्याची सही

शहापूर, बेळगाव

प्रिय बंड्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. रागावला असशील, रागाव. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी शुगर गोळीवर आहे. ते राहू दे. आपल्या सरांनी काढलेलं भातलावणीचं चित्र सापडलंय, आणि त्याच्यावर बेळगावचे चित्रकार के. बी. कुलकर्णी यांची सही आहे.

आपल्या मागच्या गल्लीतला तो वाडा पाडायचा ठरला. भावाभावांत वाटणी जमेना, म्हणून सामान लिलावात काढलं. मी गेलो होतो मोराच्या लामणदिव्यासाठी. कड्या हातानं वळलेल्या, पितळेवर तो गडद तपकिरी रंग चढलेला. तुझ्या आजीचा दिवा तू चिंच लावून लख्ख केलास त्यावरून नंदगडच्या एसटीत आपण भांडलो होतो, ते मी अजून सोडलेलं नाही. मूठभर चिंचेत शंभर वर्षं धुऊन काढलीस लेका!

दिवा गेला. एक जण तर तो फोनवर दुबईच्या गिऱ्हाइकाला दाखवत होता. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची असली वस्तू देशाबाहेर विकता येत नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो हसला.

मग चित्र आलं. खानापूरकडचं ते शेत, मलप्रभेच्या काठचं. इरली घेतलेल्या बायका, तांबडा चिखल, आणि खाचरातल्या पाण्याची चमक म्हणजे नुसता कोरा सोडलेला कागद. सरांनी पांढरा रंग कधी हातात धरला का? डाव्या कोपऱ्यात आभाळात तो पावसाचा थेंब पडून फुटलेला डागसुद्धा आहे. छत्री तू धरली होतीस, आणि म्हशीकडं बघत बसलास म्हणून तो थेंब पडला. बंड्या, माझे हात कापायला लागले.

सही उजवीकडं खाली, काळ्या शाईत. कागदावर जुनेपणाचे तांबूस ठिपके आलेत, आणि शाई त्या ठिपक्यांच्या वरून गेलीय. जुन्या कागदाची खळ गेलेली असते, त्यामुळं प्रत्येक अक्षराच्या कडेला शाई फुटून केसासारखी पसरलीय. नव्या कागदावर केलेली सही अशी दिसत नाही. आणि सर पुढं सही करायचेच नाहीत. मागं पेन्सिलीनं तारीख, गाव आणि त्या दिवशीचं पाऊसपाणी. आता मागं प्लायवूड ठोकलंय.

के. बी. म्हणजे केवढं नाव! चित्रकार रवी परांजपे त्यांच्या हाताखाली तयार झाले. सरही त्यांनाच गुरू मानायचे. शिष्याचं काम चोरून गुरूच्या नावावर विकायचं, यात दोघांचाही अपमान आहे.

'एक वार' म्हणून सुरू केलेली बोली लिलाव पुकारणारा माणूस कानडीत 'मूरु सारी', म्हणजे तीन वार, म्हणत तोडत होता. मी साडेअकरा हजारांपर्यंत गेलो. व्यापाऱ्यानं अठराला घेतलं. मुंबईच्या लिलावात देणार म्हणाला. कॅटलॉगात एकदा नाव छापलं की पुढचा प्रत्येक जण तेच उतरवून घेणार, आणि सरांचं म्हणून जगात काही उरणार नाही. शाहू महाराज गेल्यावर कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमाननी आपली चित्रं कोटितीर्थ तळ्यात सोडली, असं सर डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. ती निदान त्यांनी स्वतः सोडली रे.

शाळेच्या प्रदर्शनातला तुझा फोटो आठवतो? बक्षिसाचा कप घेऊन उभा आहेस, आणि मागच्या भिंतीवर हेच चित्र आहे, सरांच्या नावाच्या चिठ्ठीसकट. आक्कांच्या ट्रंकेत असणार. मोठा करून बघितला तर थेंबाचा डाग दिसेल आणि उजवा कोपरा कोरा दिसेल. तो फोटो आणि तू छत्री धरली होतीस असं तुझ्या सहीचं पत्र, दोन्ही मला पाहिजेत. कॅटलॉग छापायला जाण्याआधी मी स्वतः मुंबईला जाऊन लिलाववाल्यांना दाखवणार आणि मागचं प्लायवूड काढायला लावणार.

तुझी बदली झाली असं कळलं, चांगलं झालं. पोरीची बारावी ना यंदा? वहिनींना नमस्कार सांग. कुंदा पाठवतो, पण आधी ट्रंक उघड.

तुझा,
दत्ता